डिसेंबरात सहाला निघालात तर अंधारच!
अंदमानच्या सहलीवरच्या एका लेखात, हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहायला संध्याकाळी सहाला पोहोचा म्हटलंय. डिसेंबरात जाणाऱ्यांनी हे ऐकू नका हो! अंदमान पूर्वेला खूप लांब, पण घड्याळ आपलंच. तिथे सूर्य पाचच्या सुमारास बुडतो आणि सहाला मिट्ट काळोख. आपल्या इंदूरकरांची सवय, म्हणजे दुपारची झोप, मग चहा, मग निघू, ती घरीच ठेवा. पहाटे मात्र साडेपाचलाच उजाडू लागतं, तेव्हा फिरा.

हॅवलॉकचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचंही 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. बोटीच्या तिकिटावर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका.

आणखी एक, सेल्युलर जेल काही दिवशी बंद असतं. आपल्यापैकी बरेच जण सावरकरांची कोठडी पाहायलाच जातात, त्यामुळे आधी ते दिवस बघा, मग विमानाचं तिकीट. परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळी बेटावरून बोटीने येण्याचा हिशोबही नको. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. पोरांनी पिशवीत भरलेली प्रवाळं तिथेच ठेवा, ती आणणं गुन्हा आहे. शेव मात्र भरपूर न्या, बोटीत उपयोगी पडते.