'एक वाचली की सगळ्या वाचल्या' म्हणणाऱ्यांसाठी

एक दावा अधूनमधून फिरत येतो: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींची वसाहतवादावरची कविता म्हणजे रडगाणं. कला कमी, घोषणा जास्त. भाषा लुटणाऱ्यांचीच, विषय शिळा. एक वाचली की सगळ्या वाचल्या. एकेक मुद्दा घेऊ.

रडगाणं? लेली लाँग सोल्जर या ओग्लाला लकोटा या मूळनिवासी राष्ट्रातल्या अमेरिकी कवयित्रीची '38' ही कविता काढा. 26 डिसेंबर 1862 रोजी मिनेसोटातल्या मँकॅटो इथं, सरकारविरुद्धच्या उठावानंतर, लकोटांच्या भाईबंद डकोटा राष्ट्रातल्या 38 पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. लष्करी आयोगानं 303 जणांना मृत्युदंड सुनावला होता. अंतिम यादीला मंजुरी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची. कवितेत हुंदका नाही. कवयित्री सुरुवातीलाच बजावते की इथं वाक्यरचनेचे नियम पाळले जातील, आणि मग एकेक कोरडं वाक्य पूर्णविराम देऊन बंद करत जाते. सरकारकडून येणारे कराराचे पैसे थकले, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली, लोक उपाशी पडले, हे सगळं हिशेबनिसाच्या आवाजात. 'भूक लागली असेल तर गवत खा' असं मायरिक नावाचा व्यापारी म्हणाल्याचं सांगतात. उठावात तो मारला गेला तेव्हा त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं होतं. कवयित्री त्या कृत्यालाच कविता म्हणते. एकही शब्द नसलेली कविता!

घोषणा जास्त, कला कमी? इथं जरा थांबावं लागेल, कारण गंमत नेमकी कारागिरीतच आहे. कॅनडातल्या निस्गा राष्ट्राचा कवी जॉर्डन एबल यानं 'इंजन' (मूळनिवासींना हिणवायचा शब्द) या 2016 च्या संग्रहासाठी स्वतःची एकही ओळ लिहिली नाही. स्वामित्वहक्क संपलेल्या 91 'वेस्टर्न' (काउबॉयच्या) कादंबऱ्या घेतल्या, दहा हजारांहून जास्त पानं. संगणकावर तो एक शब्द शोधला. 509 ठिकाणी सापडला. ती वाक्यं वेगळी काढल्यावर भरली 26 पानं. मग ती कापून, कधी तीन ते पाच शब्दांचे तुकडे करून, कधी न बघताच कात्री चालवून त्यानं दीर्घकविता जुळवली. पुढे ओळी फुटतात, शब्द पानावर पांगतात, मजकूर चक्क उलटा होतो. म्हणजे वसाहतवाद्यांनी जमिनीचं जे केलं, ते त्यानं त्यांच्या लेखकांच्या मजकुराचं केलं.

अशी कविता मोबाइलवर पुढे पाठवली की मोकळ्या जागा आवळल्या जातात, ओळी भलतीकडे मोडतात. उरतात सुटे, जळजळीत शब्द. बऱ्याच जणांना 'घोषणा' दिसते ती इथंच.

लाँग सोल्जरच्या संग्रहाचं नाव 'व्हेअरॅज', म्हणजे दस्तऐवजांतलं आपलं 'ज्याअर्थी'. 2009 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं मूळनिवासींची माफी मागितली. कुठे? संरक्षण खर्चाच्या कायद्याच्या पोटात. शिवाय या माफीतून सरकारविरुद्धच्या कोणत्याही दाव्याला आधार मिळणार नाही, अशी पुस्तीही जोडली. संग्रहाचा दुसरा भाग ठरावाचाच सांगाडा उचलतो: ज्याअर्थी, ठराव, आणि शेवटी जबाबदारी नाकारणारी पुस्ती. फक्त 'ज्याअर्थी'नंतर खरचटून आलेली, तरी हसण्याचा प्रयत्न करणारी लहान मुलगी येते.

भाषा लुटणाऱ्यांची? अर्धं खरं. 1879 साली पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा उघडली. तिथं मुलांचे केस कापले, नावं बदलली, मातृभाषेवर बंदी घातली. अशा शाळांमधून बाहेर पडलेल्यांच्या नातवंडांना इंग्रजीत लिहिल्याबद्दल बोल लावणं म्हणजे एखाद्याचं घर जाळून वर 'भाड्यानं राहतोस' असं हिणवणं. आणि सगळे इंग्रजीत लिहितही नाहीत. जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट या ओजिब्वे कवयित्रीनं 1839 मध्ये पोटची मुलं दूरच्या शाळेत सोडून परतताना कविता केली ती ओजिब्वे भाषेत. चिलीतल्या मापुचे राष्ट्राचे कवी एलिकुरा चिवाइलाफ मापुदुंगुन आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लिहितात. 2020 मध्ये त्यांना चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला.

विषय शिळा? पॅसिफिक महासागरातलं गुआम बेट 1898 पासून अमेरिकेकडे आहे. तिथले लोक अमेरिकी नागरिक, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांच्या मताला वजन नाही. या दर्जाचं कायदेशीर नाव 'अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी', म्हणजे देशात पुरता सामावून न घेतलेला प्रदेश. गुआमच्या मूळच्या चामोरू समाजातले कवी क्रेग सँटोस पेरेझ यांनी 2008 पासूनच्या आपल्या कवितासंग्रहांच्या मालिकेला तेच नाव दिलं, पुढे 'फ्रॉम' लावून.

राहिलं 'एक वाचली की'. या कविता मराठीत आणताना पहिली चूक होते ती 'इंडियन'चं 'भारतीय' करण्याची; दुसरी, लकोटा, ओजिब्वे, मापुचे सगळ्यांना नुसतं 'आदिवासी' म्हणून मोकळं होण्याची. राष्ट्राचं नाव गेलं की करार कुणाशी झाला होता तेही जातं, आणि मग सगळ्या कविता खरंच सारख्या वाटू लागतात. उलट, उत्तर युरोपातल्या मूळनिवासी सामी समाजाचे कवी निल्स-आस्लाक वाल्केआपा यांच्या 1988 च्या संग्रहात रेनडिअरचा कळप पानांवर विखुरलेल्या शब्दांनी मांडला आहे. इंग्रजी आवृत्तीत तेवढा भाग भाषांतराविना, सामीतच ठेवला आहे. कळप पाना-पानांतून चालत जातो आणि परक्या वाचकाला दिसतात नुसत्या आकृत्या.