‘कापडापेक्षा कागदाचेच पैसे जास्त’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, आत्ता लिहिलंस तर भांडण होईल. म्हणून आज चलनं आणि मेल समोर ठेवून लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: यांच्या आठ आसनी बिझनेस जेटला आम्ही सीट कव्हरचं कापड, कार्पेट आणि फोमवर चढवायचं अग्निरोधक अस्तर दिलं. तक्रारी चार आहेत. ४५ दिवस सांगून ७३ लावले. कार्पेटच्या दोन रोलचा रंग जुळत नाही. फोनवर कोणी धड बोलत नाही. आणि असलंच कापड फर्निशिंगच्या दुकानात एक तृतीयांश भावात मिळतं, आम्ही नुसत्या बर्न सर्टिफिकेटच्या, म्हणजे आगीच्या चाचणीत पास झाल्याच्या दाखल्याच्या, कागदाचे पैसे लावतो. शेवटचं वाक्य तर जसंच्या तसं देतो: ‘विमानात कोण शेकोटी पेटवतंय?’

रंगाचं आधी, कारण तिथे चूक सरळसरळ आमची. दोन रोल दोन वेगवेगळ्या डाय लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपांचे होते. लेबलवर तसं छापलेलं होतं, आमच्या माणसाने ते वाचलं नाही. रंग त्याने जुळवून बघितला, पण गोडाऊनच्या ट्यूबलाइटखाली, आणि तिथे दोन्ही करडे एकच दिसतात. तुमचा फोटो आल्यावर मी उरलेले तुकडे घेऊन भोसरीच्या भर उन्हात गेटबाहेर उभा राहिलो. एक स्वच्छ राखाडी, दुसऱ्यात हिरवट झाक. केबिनच्या एलईडीखाली ती आणखी उठणार. जुन्या दोन्ही लॉटचा माल आता मिलकडे शिल्लक नाही, त्यामुळे दोन्ही रोल एकाच नव्या लॉटमधून आमच्या खर्चाने बदलून देतोय. तुम्ही कार्पेट अजून चिकटवलं नव्हतं, हे दोघांचंही नशीब.

फोनचंही खरं आहे. मधले ११ दिवस आम्ही तुम्हाला काहीच कळवलं नाही. ‘आगीच्या चाचणीचा अहवाल आला की सांगू’ म्हणत बसलो. गिऱ्हाइकाचं विमान हँगरमध्ये उभं असताना असं गप्प बसायचं नसतं.

उशिराच्या बाबतीत मात्र पूर्ण माफी मागणार नाही. जास्तीच्या २८ दिवसांपैकी ९ आमचे. मिलच्या कागदावर लॉट नंबरचा एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त होऊन येईपर्यंत माल कस्टम्समध्ये पडून राहिला. उरलेले १९ दिवस तुमच्या एका मेलचे आहेत. ‘सरांना पाठीला टोचतंय, दुसरा मऊ फोम घ्या.’ आठवत असेल.

मेल एका ओळीचा, पण अर्थ मोठा. सीटची गादी एकेका थराने पास होत नाही. वरचं कव्हर, मधलं अस्तर, आतला फोम, सगळं मिळून एक गादी म्हणून तपासतात. एक थर बदलला की जुना अहवाल त्या गादीला लागू नाही. मग बैठक आणि पाठ असे तीन संपूर्ण सेट नव्याने शिवायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि तिथे तेलाच्या बर्नरची झोत त्यांच्यावर २ मिनिटं धरतात. जळका भाग १७ इंचांच्या आत आणि वजनातली घट १० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. तीन सेट म्हणजे तीनही जळून फुकट. तुमच्या बिलात ‘टेस्ट सेट’ म्हणून जी रक्कम दिसतेय ती ही. त्याच बिलात साइडवॉल पॅनेलच्या (केबिनच्या आतल्या भिंतींच्या) उष्णता-उत्सर्जन चाचणीचे पैसे नाहीत, तेही बघा. ती २० किंवा जास्त प्रवाशांच्या विमानांना लागते, तुम्हाला नाही, हे आम्हीच पहिल्या दिवशी सांगून ती ओळ कोटेशनमधून काढली होती. नुसता कागदच विकायचा असता तर ठेवली असती.

आता दुकानातलं कापड. तुम्ही पाठवलेला नमुना पॉलिस्टर-कॉटन होता आणि दिसायला खरंच सुंदर होता. आम्ही तो टाकून दिला नाही, आगीच्या चाचणीसाठी आमच्या मालाशेजारी टांगला. पद्धत नेहमीचीच: १२ इंची पट्ट्या, उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने तीन-तीन, २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवलेल्या. (जुलैत आमच्याकडे लोकर हवेतलं पाणी पिऊन बसते, ती तशीच पेटवली तर निकाल खोटा चांगला येतो.) मग खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत. ज्योत काढल्यावर पट्टी सरासरी १५ सेकंदांत विझायला हवी, जळका भाग ८ इंचांवर जाता कामा नये, गळलेला थेंब ५ सेकंदांपेक्षा जास्त पेटता राहता कामा नये. आमच्या लोकर-नायलॉनच्या पट्टीचा काळा कोळसा झाला आणि ती थांबली. तुमची पट्टी बर्नर बाजूला केल्यावरही निवांत वर चढत गेली, पार क्लिपपर्यंत. व्हिडिओ तुम्हाला तेव्हाच पाठवलाय.

शेकोटी कोणी पेटवत नाही. २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या डीसी-९ मध्येही कोणी पेटवली नव्हती. मागच्या टॉयलेटमधून धूर यायला लागला, वैमानिकांनी विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरवलंही. दारं उघडल्यावर साधारण ६० ते ९० सेकंदांत आत भडका उडाला. ४६ जणांपैकी २३ गेले. सीटच्या गादीचा हा कडक नियम अमेरिकेत १९८४ मध्ये आला. अस्तर आणि कापड तुम्हाला बाहेर पडायला ते जादा सेकंद मिळवून देतात, बाकी काही नाही. आणि रोलवरचा लॉट नंबर, अहवालावरचा लॉट नंबर आणि तुमच्या फायलीतला लॉट नंबर एकच असला, तरच सीटवर बसलेलं कापड हे तपासलेलं कापड आहे असं कोणाला म्हणता येतं. उद्या डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचा, माणूस फाइल उघडेल तेव्हा तो कापडाला हात लावून बघणार नाही. तेव्हा हो, आम्ही कागदाचे पैसे घेतो. पुढेही घेऊ.

नव्या कार्पेटच्या लॉटचीही पट्टी-चाचणी होईल, तिचा खर्च आमचा. त्याआधी एक काम आहे. बुधवारी मी स्वतः नव्या लॉटचे तुकडे घेऊन हँगरवर येतोय. केबिनला ग्राउंड पॉवर जोडून दिवे चालू ठेवा, रंग तिथेच, सीटशेजारी ठेवून ठरवू. आणि जुनं कार्पेट कापताना केलेले कागदी फर्मे कृपया फेकू नका, नवे तुकडे त्यांच्यावरच कापता येतील.