गालिचा बघायला गेलात तर फसाल

‘फुलांचा गालिचा’ हा शब्दप्रयोग दोन-चार वर्षं तरी सगळ्यांनी बाजूला ठेवावा, असं माझं स्पष्ट मत झालंय. कारण सांगते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि ताई ग्रीसमधल्या क्रीट बेटावर जाऊन आलो. ताईला खरं तर सँटोरिनी हवं होतं. पांढरी घरं, निळे घुमट, सूर्यास्त. मी म्हटलं, ते फोटो तू इतक्यांदा पाहिलेत की आता तिथं जाऊन काय वेगळं दिसणार? तिला क्रीटकडे वळवण्यासाठी मीच ‘अगं, वसंतात नुसता फुलांचा गालिचा असतो’ असं सांगितलं होतं. म्हणजे पुढे जे झालं त्याला जबाबदार मीच.

भूमध्य समुद्राकडचं ऋतुचक्र आपल्या बरोबर उलटं. पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यामुळे तिथल्या कितीतरी वनस्पती उन्हाळाभर कंदाच्या रूपात जमिनीखाली दडी मारतात आणि पावसाळा सरता सरता, मार्च-एप्रिलमध्ये, फुलून बी धरून मोकळ्या होतात. आपल्याकडे त्या वेळी पळसाचा बहर ओसरत असतो. क्रीट लांबीला साधारण 260 किलोमीटर, पण त्यात डोंगर असे की सर्वांत उंच प्सिलोरितिस 2,456 मीटरचा. एप्रिलमध्ये खाली समुद्रावर लोक पाय भिजवत होते आणि वर बर्फ होतं. त्यामुळे फुलांचा मोसम पायथ्यापासून वर चढत जातो. खालची सुकायला लागली की वरची उमलतात. बेटावर सतराशेच्या वर जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या साधारण दहात एक जगात दुसरीकडे कुठेच नाही.

आता गालिच्याकडे येऊ. पहिल्याच दिवशी तो दिसला. हानिया शहरातून निघालो, फोनच्या नकाशाने आम्हाला हमरस्ता सोडून कुणाच्या तरी ऑलिव्हच्या बागेत नेऊन सोडलं (उजव्या बाजूने गाडी चालवायची, त्यात हे), आणि झाडांखाली जिकडे तिकडे लिंबासारखा पिवळा रंग. मोसम ओसरत आलेला, तरी डोळे दिपले. ताई खूश. पंचवीसेक फोटो झाले असतील.

मी एक देठ तोडून चावला. आंबट! आपल्या कुंडीत, फरशीच्या फटीत उगवणारी आंबुशी असते ना, तिची ही थोरली बहीण. ही मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातली. भूमध्य प्रदेशात एकोणिसाव्या शतकात आली आणि आता बागाच्या बागा व्यापून बसलीय. बी धरायचीसुद्धा गरज नाही, जमिनीखाली इवले इवले कंद सुटत जातात, नांगर फिरला की अजून पसरतात. म्हणजे क्रीटचा वसंत म्हणून ज्याचा सर्वांत जास्त फोटो निघतो, ते तिथलं घुसखोर तण आहे. ताईला सांगितलं तर म्हणाली, “तू ना, मजा घालवतेस.”

दुसरा गालिचा डोंगरउतारावर भेटला. अॅस्फोडेल. कंबरेएवढे दांडे, त्यावर पांढरी-गुलाबी फुलं, उतारच्या उतार भरलेले. ग्रीक पुराणकथांत मेलेल्यांचे आत्मे याच फुलांच्या माळावर भटकतात. पण ती एवढी माजण्याचं कारण साधं आहे: शेळ्या-मेंढ्या ती सहसा खात नाहीत. बाकीचं सगळं चरून झालं की उरते ती. जिथे अॅस्फोडेल फार, तिथे चराई फार, असं समजायचं.

खरी गंमत स्पिली गावाच्या वर, यूस काम्बोस नावाच्या पठारावर. वर पोचल्यावर ताईने आजूबाजूला पाहिलं. दगड, काटेरी झुडपं, तारेचं कुंपण, मेंढ्यांच्या लेंड्या. “अगं, यासाठी आपण व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलो?”

मी तोवर खाली बसले होते. दोन वितींच्या आत सहा ऑर्किडं. एक ओफ्रिस, उंची माझ्या वीतभर, फूल अंगठ्याच्या नखाएवढं. खालची पाकळी तपकिरी, मखमली, कडेला केस, मध्ये चकचकीत निळसर नक्षी. हुबेहूब मधमाशी. हे फूल मध देतच नाही. नराला मादी वाटावी असं रूप आणि, त्याहून महत्त्वाचं, तिच्यासारखा वास काढून ते त्याला बोलावतं. या एकेकट्या राहणाऱ्या माश्यांचे नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात. म्हणजे बिचारे आतुर, आणि खरी मादी अजून आलेली नाही. तो फुलाला बिलगतो, डोक्याला परागाचे दोन पिवळे गोळे चिकटतात, फजिती कळल्यावर उडतो आणि पुढच्या फुलावर पुन्हा फसतो. शेजारी दुसरं ऑर्किड, गुलाबी तुरा. त्यातलं एकेक फूल म्हणजे हातपाय पसरलेला इवलासा पुरुष, सगळ्या अवयवांसकट. हे दाखवल्यावर ताई आधी लाजली आणि मग तीही मांडी घालून बसली.

बसताना तिच्या चपलेखाली एक गेलं, आणि सरकताना माझ्या गुडघ्याखाली दुसरं. हे कबूल करून टाकते. इथं दोरी नाही, फलक नाही, तिकीट नाही. सांभाळायचं ज्याचं त्याने.

त्याच पठारावर रानटी ट्यूलिप पाहिले. लालभडक, टोकदार पाकळ्यांचे, क्रीटचेच. आणि ते कुठे उगवतात? नांगरलेल्या शेतात, पिकाच्या मधून. नांगराने कंद उलथतात, विखुरतात, वाढतात. शेती सोडून दिली तर गवत-झुडपं चढतील आणि ट्यूलिप मागे हटतील. ऑर्किडांचंही तसंच, त्यांना उघडी, चरलेली, हलकी जमीन लागते. जास्त चराई झाली तर अॅस्फोडेल, अजिबात नसली तर झुडपं. मधल्या त्या अरुंद पट्टीत हा सगळा वसंत उभा आहे, आणि ती पट्टी कुठल्या खात्याने नाही, मेंढपाळांनी राखलीय. राखायची म्हणून नव्हे, मेंढरं जगवायची म्हणून.

इथं मला साताऱ्याजवळचं कास पठार आठवणार नाही तर काय. आपण तिथं नेमकं उलटं केलं. 2012 ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, गर्दी लोटली, कुंपण आलं. मग गुरं येईनाशी झाल्याने गवत माजतंय अशी ओरड झाली आणि कुंपण काढलं गेलं. आणि तेरड्याचा गुलाबी गालिचा नसेल त्या आठवड्यात येणारा माणूस ‘सीतेची आसवं’ नावाच्या इवल्या फुलांवर उभा राहून विचारतो, “फुलं कुठायत?” हे मी साताऱ्याची असल्याने हक्काने बोलतेय.

उतरताना रस्त्याकडेला एक आजीबाई सुरी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन रानभाजी खुडत होत्या. ‘हॉर्ता’ म्हणतात, उकडून ऑलिव्हचं तेल आणि लिंबू पिळून खातात. त्यांनी पिशवी उघडून दाखवली, ताईने वाकून वास घेतला, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दहा मिनिटं गप्पा चालल्या. थोडं पुढे ओढ्याकाठी कुजलेल्या मांसाचा भपका आला. काळपट जांभळं, हातभर लांब फूल, माश्यांना भुलवणारं. आपल्या सुरणाचं आणि शेवळाचं भाऊबंद. ताई नाकाला पदर लावून म्हणाली, “हे मात्र घरचं वाटतं.”

जाणाऱ्यांसाठी: मार्चअखेर ते एप्रिलअखेर. समारियाची घळ साधारण 1 मेला उघडते, तिच्यासाठी थांबलात तर खालची फुलं हुकतील. भिंग न्या. गुडघ्यांना पट्टे न्या.

परत आल्यावर ताईने त्या आंबट पिवळ्या तणाचा फोटो टाकला, ‘क्रीटमधला फुलांचा गालिचा’. साडेतीनशे लाइक. माझ्या ओफ्रिसला अकरा, आणि एका काकांनी विचारलंय, “माशी छान आलीय, पण फूल कुठंय?”