‘एक लिटर राहू दे की आत’ : गारगोटीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुमचे वडील, आप्पा, आठवड्यातून दोनदा गारगोटीहून कोल्हापुरात डायलिसिसला येतात. दर खेपेला वजन चार किलोनं वाढलेलं असतं आणि स्टाफ त्यांना काट्यावरच चारचौघांत झापतो. मग चार तासांत चार लिटर ओढायला लावतात, तिसऱ्या तासाला बीपी पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात. त्यामुळे आप्पा आता मशीनला बसतानाच सांगतात, ‘एक लिटर राहू दे की आत.’ तुम्ही विचारता, पायावर सूज नाही, धाप नाही, मग राहिलं एक लिटर तर बिघडलं काय? किडनी गेली आहे, हार्ट चांगलं आहे. हार्टची भीती का घालता? आणि शेवटी, ‘चैत्राच्या उन्हात रानात असणाऱ्याला पाऊण लिटरवर दिवस काढ म्हणणं एसीत बसून सोपं आहे.’

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे. आप्पांचं ड्राय वेट (जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन) आणि गोळ्या त्यांचे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचे डॉक्टरच ठरवणार. पण काट्यावर चढण्यापासून सुई काढेपर्यंत पेशंटजवळ उभा असतो तो आमच्यातलाच कुणीतरी, म्हणून बोलतो.

झापणं चूकच. काट्यावर ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी कमी पाणी पीत नाही, तो खरं सांगायचं बंद करतो. त्याला तहान मुळात का लागते, हे कुणीच विचारत नाही. त्याकडे येतो, पण आधी हार्टचं.

किडनी गेली आणि हार्टला काही झालं नाही, असं सहसा होत नाही. लघवी कमी झाली की मीठ-पाणी रक्तात साचतं, आणि तो वाढलेला भार हार्टला रात्रंदिवस ढकलावा लागतो. त्याची डावी भिंत जाड होत जाते. कॅनडात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायलिसिस सुरू होतानाच चारातल्या जवळपास तीन पेशंटांच्या इकोमध्ये, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत, ही भिंत जाड झालेली सापडली. छातीत दुखलं नाही, दम लागला नाही, तरी. डायलिसिसवरच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका असतो तो हार्टचाच. हे मी भीती घालायला लिहीत नाही. आप्पांच्या बाबतीत करण्यासारखं बरंच काही आहे, म्हणून लिहितोय.

सूज नाही म्हणून पाणी नाही, हा हिशोब धरू नका. अंगात अडीच-तीन लिटर जादा साचल्याशिवाय पायावर बोट दाबून खळगा पडत नाही. आणि २००९ साली युरोपात यंत्रानं अंगातलं पाणी मोजून केलेल्या अभ्यासात साधारण अडीच लिटरच्या वर पाणी राहिलेल्या पेशंटांत मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या आसपास निघालं. म्हणजे सूज डोळ्यांना दिसायला लागते तोवर धोक्याची रेघ ओलांडलेली असते. आप्पांचं ते एक लिटर एकदा राहिलं तर आभाळ कोसळणार नाही. पण ते पुढच्या खेपेला कुणी काढत नाही. ते तिथंच राहतं, त्यावर नवं चढतं, आणि महिन्यानं तेच आप्पांचं नेहमीचं वजन म्हणून कागदावर बसतं.

आता तुमचा जो मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, तो. चार तासांत चार लिटर ओढणं आप्पांच्या हार्टला सोसणारं नाही. तुम्ही त्यांचं वजन ५५ किलो लिहिलंय. एवढ्या वजनाच्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण चार लिटर. म्हणजे जेवढं सगळं रक्त, तेवढं पाणी आपण चार तासांत त्यातूनच काढतो! हे जमतं, कारण मांसातलं पाणी मागून रक्तात येत राहतं. पण त्या येण्याला वेग असतो. मशीन त्याच्यापेक्षा भरभर ओढायला लागलं की रक्त आटतं, बीपी पडतो, आणि खुद्द हार्टच्या भिंतीलाही पुरेसं रक्त मिळत नाही. डायलिसिस चालू असताना इको करून पाहिलं तेव्हा बऱ्याच पेशंटांत त्या भिंतीचा काही भाग नीट आकुंचन पावत नाही, असं दिसलं. घरी जाईपर्यंत तो सावरतो. पण खेप-दर-खेप तसंच होत राहिलं तर कायमचा ढिला पडतो.

यासाठी एक आकडा लक्षात ठेवा : किलोमागे तासाला १३ मिली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी विश्लेषणात याच्या वर वेग गेलेल्यांत हार्टमुळे होणारे मृत्यू जास्त आढळले. दहाच्या आत असेल तर आणखी चांगलं. आप्पांना चार लिटर चार तासांत, म्हणजे वेग १८ झाला. तेराच्या आत राहायचं तर चार तासांत दोन लिटर आठशेच्या पुढे जाता येत नाही, किंवा चार लिटरसाठी साडेपाच तासांच्या वर बसायला लागतं.

तेव्हा ‘ओढा’ आणि ‘राहू दे’ यांच्यात भांडण नको. आज पावणेतीन लिटर काढा, उरलेल्या सव्वा लिटरसाठी तास वाढवा किंवा मध्ये एक जादा खेप लावा, असं डॉक्टरांना म्हणता येतं. फ्रान्समधल्या तासँ गावच्या केंद्रात आठवड्याला तीनदा, प्रत्येकी आठ-आठ तास सावकाश डायलिसिस आणि जोडीला कमी मीठ, असं वर्षानुवर्षं केलं. तिथल्या बहुतेक पेशंटांच्या बीपीच्या गोळ्या सुटल्या. आपल्याकडे एका मशीनवर दिवसाला तीन-तीन शिफ्ट चालतात, आठ तास कुणी देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण चाराचे साडेचार-पाच करून मागण्यात काही वावगं नाही. आणि दोनाच्या तीन खेपा पैशासाठी अडल्या असतील, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड घेऊन भेटा. येण्याजाण्यात मोडणारा दिवस आणि कुणाची तरी बुडणारी मजुरी योजनेत बसत नाही, तेही खरंच. पण आठवड्यात दोनदा म्हणजे तीन आणि चार दिवसांची फट. तीनदा येणाऱ्यांतसुद्धा दोन दिवसांच्या सुट्टीनंतरचा दिवस सगळ्यात घातक ठरतो, हे सुमारे ३२ हजार अमेरिकी पेशंटांच्या नोंदींतून २०११ मध्येच दिसलं. आप्पांची छोटी फटच तेवढी आहे, आणि मोठी त्याहून लांब.

आता तहान. पाण्याच्या घोटांवर पहारा ठेवून कुणाची तहान जात नाही. तहान मिठाची असते. साधारण आठ ग्रॅम मीठ अंगात गेलं की ते पातळ करायला एक लिटर पाणी लागतं, आणि ते मिळेपर्यंत मेंदू माणसाला स्वस्थ बसू देत नाही. रोज दहा ग्रॅम मीठ आपल्याकडे सहज पोटात जातं. तीन दिवसांचं तीस ग्रॅम, म्हणजे पावणेचार लिटर पाणी. आप्पांचे चार किलो इथंच सापडतात! तेच मीठ दिवसाला पाच ग्रॅमवर आणलं, म्हणजे सपाट चमचाभर, तर हिशोब दोन लिटरच्या आत येतो, आणि मग तेराचा आकडाही आपोआप सांभाळला जातो.

तुमच्या स्वयंपाकघरात बघा. ताटातलं वरचं मीठ सगळ्यांना दिसतं. कांदा-लसूण चटणीतलं, खर्ड्यातलं, लोणच्यातलं, पापडातलं, भडंगातलं, मिसळीच्या फरसाणातलं दिसत नाही. रविवारचा तांबडा-पांढरा तर दोन्हीकडून मारतो, मीठही आणि पाणीही. आणि बहुतेक सेंटरना सुट्टी असते ती रविवारीच. मटण बंद करा असं मी म्हणणार नाही, आप्पांना प्रथिनं हवीतच. फोडी वेगळ्या काढून सुक्या द्या, मीठ हात राखून टाका, रस्सा वाटीभर न देता चव लागण्यापुरता. सैंधव हेही मीठच. आणि दुकानात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ घरात आणूच नका; त्यात पोटॅशियम असतं आणि ते डायलिसिसच्या पेशंटचं हार्ट अचानक बंद पाडू शकतं. उन्हाळ्यात शहाळं आणि उसाचा रस याच कारणानं नकोत. शुगर असेल तर ती वाढली तरी घसा कोरडा पडतो, तीही तपासा.

मीठ आमच्या बाजूनंही जातं, हे पेशंटला कुणी सांगत नाही. गोळे आले की आम्ही सलाइन सोडतो. त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. बीपी टिकावा म्हणून मशीनचं सोडियम, म्हणजे मशीनच्या पाण्यातलं मिठाचं प्रमाण, चढवून ठेवलेलं असेल तर पेशंट घरी जातानाच तहानलेला जातो. आप्पांचं सोडियम किती लावलंय ते विचारा. मशीनचं तापमान अर्धा-एक अंश उतरवलं तर बीपी पडायचं प्रमाण कमी होतं, तेही विचारा. डायलिसिसच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. मशीनवर डबा खाल्ला की रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी घसरतो, म्हणून डबा आधी किंवा नंतर.

आणि ड्राय वेट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. भूक मेली, मांस दोन किलोनं उतरलं आणि कागदावर ५५च राहिलं, तर त्या मांसाच्या जागी पाणी बसलं. उलट आप्पा चांगलं जेवून खरोखरच भरले असतील, तर जुन्या आकड्यापर्यंत ओढल्यावर गोळे येणारच. त्यांचं ड्राय वेट शेवटचं कधी बदललं? इको कधी झाला? तुमच्या प्रतिक्रियेत दोन्ही नाही.

उन्हाचं तुमचं म्हणणं मान्य. पाऊण लिटर हा सगळ्यांना एकच लावायचा आकडा नाही. आप्पांची चोवीस तासांची लघवी एकदा मोजा. तेवढी, अधिक अर्धा ते पाऊण लिटर, ही रोजची मुभा. चारशे मिली होत असेल तर लिटरभर झालंच. रानात घाम गेला तर थोडं जास्त चालतं, किती ते घरचा काटा सांगेल : रोज सकाळी, शौचानंतर, त्याच कपड्यांत. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरा. चहा, ताक, आमटी काही घेतलं की तेवढं बाटलीतून ओतून टाका. आप्पांनाच ओतू द्या.

एक मात्र वाट बघण्यासारखं नाही. रात्री सपाट झोपवत नसेल, उठून बसायला लागत असेल, तर पुढच्या खेपेपर्यंत थांबू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

मागच्या महिनाभराच्या खेपांचे आधीचं वजन, नंतरचं वजन, किती ओढलं आणि बीपी, एवढे आकडे सेंटरच्या फाइलमधून उतरवून घ्या. ते तुमच्या हक्काचे आहेत. पुढच्या खेपेला तेच डॉक्टरांपुढे ठेवा, आणि हवं तर आप्पांचं नाव गाळून मलाही पाठवा.