चादरीपलीकडचे १०४ वार

आमचे जावई पुण्यात नोकरी करतात आणि गोल्फ खेळतात. यांपैकी पहिली गोष्ट लग्नाआधी सांगण्यात आली होती. दुसरी गेल्या रविवारी, भर मे महिन्यात, जुळे सोलापुरातल्या माझ्याच गच्चीवर कळली. त्यांनी सोबत जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी आणली होती. चेंडूला फटका बसताच त्याचा वेग, उड्डाणाचा कोन आणि गिरकी मोजून तो किती यार्ड गेला असता, हे ती पेटी मोबाइलवर दाखवते. किंमत सुमारे अडीच लाख. हा आकडा ऐकल्यावर सौभाग्यवतींनी कुरडयांचे वाळवण निमूटपणे एका कोपऱ्यात सरकवले, यावरून जावयाचे आमच्या घरातील स्थान वाचकांनी ओळखावे. माझ्यासाठी त्यांनी कधी पापडसुद्धा हलवलेला नाही.

चेंडू अडवायला जाळी नव्हती, म्हणून दोन खांबांना दोरी बांधून मोराची सोलापुरी चादर टांगण्यात आली. इथपर्यंत सगळे सुरळीत झाले. नंतर पेटी कुरकुरू लागली. तिचे पहिले म्हणणे असे, की जमीन सपाट नाही. ते खरेच होते, कारण पावसाचे पाणी साचू नये म्हणून गच्चीला पन्हाळीकडे ढाळ काढलेला असतो आणि पेटी तिरकी बसली की चेंडूच्या उड्डाणाचा कोन चुकीचा येतो. तिच्या एका कडेखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवून ही तक्रार मिटवली, तर मोबाइल अडून बसला. पेटीशी बोलण्यासाठी त्याला पेटीचे वायफाय हवे आणि खाते तपासण्यासाठी इंटरनेट हवे. एक धरले की दुसरे सुटायचे. जावई चालू-बंद, चालू-बंद करत राहिले आणि मी आपला, मोठ्या माणसाने मान डोलवायची असते, म्हणून डोलवत राहिलो.

शेवटी सगळे जुळले आणि लेझरचा प्रश्न उभा राहिला. चेंडू नेमका कुठे ठेवायचा हे दाखवण्यासाठी ही पेटी जमिनीवर एक लाल ठिपका टाकते. चेंडू त्या ठिपक्यावर असला तरच तिच्या कॅमेऱ्याला तो दिसतो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात लाल ठिपका कोणाला दिसणार? शिवाय उन्हाने पेटी तापली की ती आपणहून बंद पडते. पहाटे खेळावे, तर गच्चीवर निम्मे घर झोपलेले असते आणि जावई स्वतः नऊला उठतात. तेव्हा त्यांनी अत्यंत अदबीने मला विचारले, “बाबा, जरा छत्री धरता का?” मला वाटले, त्यांना ऊन लागते आहे. छत्री पेटीवर धरायची होती. सावली इतकी बेताची होती, की पेटी आणि ठिपका झाकल्यावर माझ्या टकलासाठी काहीही उरले नाही. बँकेत पस्तीस वर्षे अधिकारपदावर काढलेला माणूस एका डब्यावर छत्री धरून उन्हात उभा आहे, हे दृश्य शेजारच्या गच्चीवरून आप्पांनी पाहिले आणि ते कठडा ओलांडून आले.

आप्पा कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. गिरणी कधीच बंद पडली, आप्पांची जॉबरकी मात्र चालू आहे. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून घड्या पाहिल्या आणि निदान सांगितले, “पाव्हणं, याला अर्थिंग नाही.”

“काका, हे बॅटरीवर चालतं,” जावई म्हणाले.

“तेच की. बॅटरीला कुठं अर्थिंग असतंय? म्हणून तर बोंबलालंय.”

जावयांनी वाद टाळून फटका मारला. चेंडू मोराच्या मानेवर धप्पकन आदळून खाली पडला. मोबाइलवर मात्र हिरवेगार मैदान उघडले, झाडांवरून एक पांढरी रेघ गेली आणि आकडा उमटला.

“किती म्हणलाव?” आप्पांनी विचारले.

“एकशे अडतीस यार्ड.”

“चेंडू कुठाय?”

“हा काय, चादरीखाली.”

“मग एकशे अडतीस वार कोण गेलं?”

जावयांनी शांतपणे समजावले. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता असतो. त्यानंतर लगेच कॅमेरा चेंडूची छायाचित्रे घेतो आणि वेग, कोन व गिरकी यांवरून पुढचा मार्ग हिशेबाने काढला जातो. रडारवर चालणारी यंत्रे चेंडूचा दूरवर माग काढतात, पण त्यांना मोकळे मैदान लागते. आप्पांनी सगळे ऐकून घेतले.

“आमच्या मागाला बी मीटर होतं,” ते म्हणाले. “मीटर काय बी दाखवू दे. फोल्डिंग खात्यात कापड उलगडून वार मोजायचे, मग पगार. मीटर एकशे अडतीस म्हणलालंय अन् कापड तीन वार, तर चूक कुणाची? कापडाची?”

यावर जावयांकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते, आणि उन्हात उभा असल्यामुळे मला आप्पांचेच पटत होते. जावयांनी विषय बदलण्यासाठी चेंडूची उंची दाखवली. ती पंचवीस यार्ड होती. आप्पांनी ताबडतोब वळून स्वतःच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिले. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी २०२३ साली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली, तेव्हापासून उडणाऱ्या प्रत्येक वस्तूचा त्यांना संशय येतो. “विमानासाठी चिमणी गेली,” ते म्हणाले. “चेंडूसाठी टाकी मागू नका.”

मग शिष्टाचार म्हणून मला मारायला सांगण्यात आले. छत्री आप्पांच्या हाती गेली आणि त्यांचे सगळे लक्ष मोराला पडलेल्या पोचाकडे. ठिपका उन्हात, चेंडू उन्हात. मी जीव तोडून मारलेल्या फटक्याबद्दल पेटीने एवढेच कळवले, की चेंडू आढळला नाही. “मशीन तुम्हाला धरंना झालंय, मालक,” असे म्हणून आप्पांनी छत्री पुन्हा माझ्या हातात दिली, काठी घेतली आणि मागावर धोटा फेकणारी दांडी जसा हिसका देते तसा, नुसत्या मनगटाने, चेंडू हाणला. माझी सावली अचूक होती. पेटीने १०४ यार्ड दाखवले. जावयांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्याचे मला तरी आठवत नाही.

आप्पा दुसरा फटका मारणार, तोच खालून “पाणी आलं!” अशी हाक आली आणि अडीच लाखांची पेटी तिथेच टाकून आम्ही तिघेही जिन्याकडे धावलो. आमच्याकडे चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येतो. व्यावसायिक खेळाडूने लांब हाणलेला चेंडू मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास गिरक्या घेतो आणि त्या अशी यंत्रे सहज मोजतात. उजनीचे पाणी आमच्या नळाला किती वाजता सुटणार, हे मात्र भल्या माणसाला विचारूनही कळत नाही. घागरी भरताना माझ्या मनात गोल्फच्या हिरवळीला रोज किती पाणी लागत असेल हा विचार आला आणि पाहुण्यांसमोर बोलायचे नाही असे ठरवलेले असूनही मी तो बोललो. जावई गप्प बसले.

संध्याकाळी ते आपले आकडे पाहू लागले, तेव्हा मोबाइलने सांगितले, की वार्षिक वर्गणी संपली आहे. ती भरल्याशिवाय मागचे फटके दिसणार नाहीत. यंत्र आपले, चेंडू आपला, चादर आपली, ऊन आपले आणि आकडा तेवढा भाड्याचा! जावई रागावून पेटी घेऊन पुण्याला गेले. वर्गणी अजून भरलेली नाही, त्यामुळे आप्पांचे १०४ वार खोडायला आज कसलाही पुरावा नाही. मंगळवारी ते चहाच्या टपरीवर दीडशे सांगत होते. काल पावणेदोनशे झाले.