मेहनती ड्रायव्हर मिळत नाहीत, असं म्हणण्याआधी

परवा एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन आला. त्यांच्या दोन गाड्या महिनाभर उभ्या आहेत, ड्रायव्हर नाही. बोलता बोलता म्हणाले, "ताई, तुमच्या बाबांच्या वेळची माणसं संपली. आताच्या पोरांना पैसा पाहिजे, काम नको." मी हो ला हो केलं. फोन ठेवला आणि मन खात राहिलं, कारण मला जे वाटतं ते मी बोललेच नाही. म्हणून इथे लिहितेय.

आमच्या मालवाहू ट्रकच्या ८ गाड्या. बाबांनी २ गाड्यांवर धंदा सुरू केला, गेली ११ वर्षं मी बघते.

आमच्याकडे एक काका होते. ३१ वर्षं त्यांनी आमची गाडी चालवली. निघायच्या अर्धा तास आधी यायचे आणि आधी गाडीभोवती एक फेरी मारायचे. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायरवर ठोका मारायचा, आवाजावरून हवा कमी आहे का ते त्यांना कळायचं. जोडचाकातला आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, आणि तो तसाच पळवला तर तापून पेटूही शकतो, हे मला त्यांनीच शिकवलं. वाटेत थांबले की प्रत्येक चाकाजवळ हात न्यायचे. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय. इंजिन बंद करून दोन मिनिटं गप्प उभे राहायचे, ब्रेकच्या लाईनमधून हवा सुटतेय का ते ऐकायला. मालावरचे पट्टे निघाल्यावर तासाभरात पुन्हा आवळायचे, कारण हादऱ्यांनी माल खाली बसतो आणि पट्टे सैल पडतात. हे करताना त्यांना बघायला कुणीही नसायचं.

'जुनी माणसं' म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर काकाच येतात. पण नीट आठवायला बसले तर त्याच वयाचे, त्याच काळातले सहा-सात जण आमच्याकडे येऊन गेलेत. एकाने डिझेल विकलं. एकाने स्प्रिंगचा पाटा तुटलेला लपवून गाडी आणून लावली आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. दोघे पिऊन सापडले. त्यांची आठवण कुणी काढत नाही, कारण ते टिकले नाहीत. टिकले ते काका, आणि एकट्या काकांची आपण अख्खी पिढी करून टाकली.

पुढचं लिहिताना मला जड जातंय. बाबा अभिमानाने सांगायचे, "दोन रात्री डोळ्याला डोळा न लावता माल पोचवला पठ्ठ्याने." मेहनत म्हणजे हेच, असं ऐकत मी मोठी झाले. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला होता. सलग १७ तास जागा असलेला माणूस हातांना आणि नजरेला इतका मंद होतो, जितका रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला माणूस. २४ तास जागा राहिला तर तोच आकडा ०.१० टक्क्यांवर जातो. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून होते. पिऊन सापडलेल्या दोघांना बाबांनी त्याच दिवशी काढलं होतं. दोन रात्री जागून आलेल्याला बक्षीस दिलं होतं. ८०च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ४ सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास ९० मीटर भरलेली गाडी कुणाच्याच हातात नाही. आमची माणसं सुखरूप परत आली, यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं.

आणि तरीही मी स्वतः काय केलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी २४ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे नवीन लागला होता. रात्री एक वाजता त्याचा फोन आला, "ताई, डोळे मिटतायत. मी गाडी बाजूला सुरक्षित लावलीय, पाच तास झोपतो." माल सकाळी सातला पोचायचा होता. मी त्याला बोलले, आणि बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही रागावा, पण मी आत्ता चालवणार नाही." माल दुपारी पोचला, पार्टीने भाड्यातून पैसे कापले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वेळा काढून पाहिल्या. तो पहाटे पाचपासून जागा होता. त्यातले ९ तास गाडी भरायची वाट बघत गोडाऊनच्या दारात गेले होते, आणि तिथे उशीर ड्रायव्हरने केलेला नव्हता. मी त्याला फोन करून माफी मागितली. काकांनी असा फोन ३१ वर्षांत एकदाही केला नाही. त्यांना कधी झोप आली नसेल असं नाही. फोन केला तर नोकरी राहील का, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या ९ तासांबद्दल आपण मालक लोक बोलतच नाही. ड्रायव्हरला पैसे फेरीवर किंवा अंतरावर मिळतात, म्हणजे चाक फिरलं तर पैसे. उभा राहिला तो वेळ फुकट. हे सगळीकडचं दुखणं आहे. अमेरिकेत बरेच ड्रायव्हर मैलावर पैसे घेतात, आणि जादा तासांचा दीडपट पगार देणाऱ्या तिथल्या १९३८च्या कायद्याने त्यांच्यातल्या बहुतेकांना वगळलंय. तिथे ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, आणि तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. दारात ताटकळतानाही ते १४ तासांचं घड्याळ सहसा थांबत नाही. २०१७च्या डिसेंबरपासून बहुतेक गाड्यांवर वेळ नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं, तेव्हा कागदावर तास झाकायची सोयही गेली. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदाच १०. हे नियम कुणाच्या आळसासाठी लिहिले गेले नाहीत. माणसाचं शरीर कुठल्याही पिढीत तेवढंच चालतं.

तुटवड्याची ओरड तिथेही जुनीच आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या मासिकात २०१९ साली दोन अर्थतज्ज्ञांनी त्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, ड्रायव्हरचा बाजार इतर कामांच्या बाजारासारखाच चालतो, पगार वाढले तर माणसं येतील. तिथल्या मोठ्या कंपन्यांत कित्येक वर्षं वर्षाला ९० टक्क्यांच्या आसपास ड्रायव्हर बदलत होते. एवढी माणसं सोडून जात असतील तर दोष माणसांचा कसा म्हणायचा?

आता नव्या मुलांची बाजू घेतेय म्हणून सगळं माफ आहे असं नाही. एकाने अर्ध्या वाटेत गाडी लावली, चावी टायरवर ठेवली आणि मला मेसेज केला, 'उद्यापासून येणार नाही.' आत माल होता. त्याचा राग मला अजून आहे. आणि चालत्या गाडीत हातात मोबाईल दिसला तर आमच्याकडे दुसरी संधी नाही, मग तो कितीही चांगला असो.

पण अशी माणसं वयावरून ओळखता येत नाहीत. मी ती कशी ओळखायला शिकले, ते लिहिते. खुर्चीत बसवून प्रश्न विचारणं मी जवळजवळ सोडलंय. अंगणात गाडी रिव्हर्समध्ये अवघड कोपऱ्यात लावायला सांगते आणि गप्प उभी राहते. जो एका दमात झोकात लावतो त्याच्यावर माझं लक्ष नसतं. जो मध्येच थांबतो, खाली उतरतो, मागे जाऊन बघतो आणि पुन्हा चढतो, तो मला हवा असतो. कारण तो अनोळखी मालकासमोर कमीपणा वाटून न घेता उतरला. मग विचारते, शेवटची चूक कुठली झाली? 'कधीच नाही' म्हणणाऱ्याला मी घेत नाही. आधीच्या मालकाला 'कसा आहे' विचारलं की सगळे 'चांगला आहे' म्हणतात. मी विचारते, "उद्या परत आला तर ठेवाल?" उत्तराआधी ते किती थांबतात, त्यावरून बरंच कळतं.

आपल्यासारख्या छोट्यांना मोठ्या कंपनीएवढा पगार परवडत नाही, हे खरंच आहे. पण जे फुकट आहे ते तरी आपण देतो का? शनिवारी घरी सोडतो म्हटलं तर शनिवारीच सोडणं. रात्री फोन उचलणं. त्याने सांगितलेलं ब्रेकचं काम पुढच्या फेरीआधी करून देणं. दर फेरीला गाडी बदलून न देणं, कारण स्वतःची म्हणून मिळालेली गाडीच माणूस पुसतो, तिचा आवाज ओळखतो. थांबण्याचे पैसे मी दीड वर्षापासून देते. दोन तासांपुढे ते भाड्यात लावते, आणि पार्टीला आधीच सांगते. त्यात एक जुनी पार्टी गेली, आणि पहिले चार महिने फार जड गेले. मात्र तेव्हापासून एकही ड्रायव्हर सोडून गेलेला नाही.

पुढच्या महिन्यात नववी गाडी येतेय. तिच्यासाठी लिहिलेली जाहिरात इथेच टाकते:

'ड्रायव्हर पाहिजे. महिन्याला १२ ते १४ रात्री बाहेर, त्याहून जास्त नाही. लोडिंगला दोन तासांपुढे थांबावं लागलं तर त्याचे वेगळे पैसे. झोप आली तर गाडी लावून फोन करायचा, कुणी बोलणार नाही. चालवताना मोबाईल चालणार नाही. गाडी एकच, तुमचीच. वयाची अट नाही, लायसन्स पक्कं हवं. गाडी रिव्हर्स लावून दाखवावी लागेल, तेव्हा आमचे जुने काका हजर असतील. घाई करू नका, खाली उतरून बघितलं तरी चालेल.'