सिकंदराच्या नाण्यावरचा चेहरा सिकंदराचा नाही

चांदीच्या एका ग्रीक नाण्याचा फोटो सगळीकडे फिरतोय. सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला तरुण चेहरा, आणि खाली मजकूर: ‘हा सिकंदराचा खरा चेहरा. नाणं त्यानेच पाडलेलं. जिथे जिथे ते सापडतं, तिथवर त्याचं राज्य होतं.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

चेहरा हेराक्लीसचा आहे. नेमियाचा सिंह मारून त्याचं कातडं पांघरणारा हा ग्रीक पुराणकथांतला वीर. मॅसिडोनियाचं राजघराणं स्वतःला त्याचे वंशज म्हणवायचं. सिकंदराचे आजोबा तिसरा अमिंटास यांच्या नाण्यांवरही हेच डोकं आहे, आणि तेव्हा सिकंदराचा जन्मही झाला नव्हता. सिकंदरच बघायचा तर थ्रेसचा राजा लायसिमेकस याचं नाणं बघा. इ.स.पू. 297च्या सुमाराला त्याने ते काढलं. त्यावर केसांतून निघून कानावर वळलेलं मेंढ्याचं शिंग दिसतं, इजिप्तच्या आमोन देवाचं. फार देखणं काम आहे. पण तेही सिकंदर गेल्यावर पाव शतकाने झालेलं. हयातीतली म्हणावी अशी त्याची आकृती बहुधा हत्ती आणि घोडेस्वार असलेल्या मोठ्या नाण्यांच्या मागच्या बाजूला आहे, मात्र इतकी बारीक की नाकडोळे उमगत नाहीत.

नाणं त्यानेच पाडलेलं, हे तर बहुतेक वेळा खोटंच. सुमारे 17 ग्रॅमचं हे नाणं बाजारात इतकं पत राखून होतं की इ.स.पू. 323 मध्ये तो वारल्यावरही कितीतरी शहरं त्याच्याच नावाने ते पाडत राहिली. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसोसमध्ये तर इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत. मागच्या बाजूला सिंहासनावर झ्यूस बसलाय, त्याचे पाय नीट बघा. सुरुवातीच्या नाण्यांत ते सहसा शेजारी-शेजारी असतात, नंतरच्यांत एक पाय मागे गेलेला. नुसत्या नावावरून काळ ठरवणाऱ्यांनी एवढं तरी बघायला हवं.

राहिला राज्याचा मुद्दा. चांदी व्यापाऱ्याबरोबर फिरते, तिला सीमा लागत नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी व्यापार-पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या हिंद-ग्रीक राजांचे जुने द्रम्म, म्हणजे चांदीची नाणी, त्या काळीही चालत होते, आणि तोवर हे दोन्ही राजे कधीच होऊन गेलेले. नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबीला 1906 साली नहपानाची हजारो चांदीची नाणी सापडली. त्यांवर ग्रीक अक्षरं आहेत. पण नहपान ग्रीक नव्हे, शक क्षत्रप म्हणजे शकांचा राज्यकर्ता होता, आणि त्यातल्याच बऱ्याच नाण्यांवर पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला.